हिरवं कालव

दिवाळ्याच्या धक्क्यापाशी सुकती लागली
की आई गुडघाभर चिखलात उतरते.
कमरेशी पाटी, हातात आकडी.
मी तिच्या मागे: रबरी हातमोजे,
झिपच्या पिशव्या, पाण्यानं न पुसला जाणारा पेन.
एकाच चिखलातून आम्ही दोघी वेगवेगळं वेचतो.
ती कालवण. मी नमुने.

"ह्ये बग," तिनं एक कालव फोडलं.
आतलं मास हिरवं.
शेवाळाचं नव्हे,
न घासलेल्या तांब्याच्या तळाशी धरतं ते हिरवं.
"पयली दुदासारकी पांडरी असाची गो."

तांबं इथलं नाही.
कुठल्याशा मुलखात डोंगराचं पोट खणून काढलेलं,
वितळवलेलं, तार ओढलेलं,
मग आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला
कुणीतरी एका शेडमध्ये त्याची चकाकी चढवली
आणि हात धुतले.
ते पाणी खाली येतं,
भांगाच्या दिवसांत रेंगाळतं,
गाळात बसतं ते बसतंच,
भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडासारखं.

प्रयोगशाळेत सहा वर्षांत मी शिकले ते एवढंच
की खाडीत ज्याची त्याची टाकण्याची रीत असते.
तिवर म्हाताऱ्या पानांत साठवतं
आणि पान पिवळं झालं की देठ सोडून देतं.
चिंबोरी कवचात भरते,
मग अंधारात, बिळात, त्या कवचातून
मागच्या मागे निघून जाते,
मऊ, उघडी, दोन दिवस कुणाच्याही तोंडचा घास.
रोहित पिसांत बांधतात.
पीस गळतं, पाणथळीच्या कडेला लागतं,
फिरायला आलेलं एखादं पोर
गुलाबी म्हणून वहीत ठेवतं.
शिवली नुसती मिटते.
श्वास धरते, एक भरती, दोन भरत्या.
पण भूक लागतेच.
निवटी चिखलावर येऊन डोळे वटारते,
जणू तक्रारीची खिडकी कुठली, विचारतेय.

कालवाला रीत नाही.
खडकाला चिकटलेलं, पाणी गाळणं हाच जन्म.
गाळतं, ठेवतं. ठेवतं, हिरवं होतं.
आणि मरत नाही.

पोशाकाका म्हणतो, लिंबू पिळलं की काय कळत नाय.
माझी एम.एस्सी.ची फी याच पाटीतून गेली.
अहवालात त्यासाठी रकाना नसतो.

मागच्या महिन्यात सरांनी
कोळीवाड्यातल्या बायांचे केस मागवले.
आईनं फणीत अडकलेला गुंता काढून दिला.
"काय गो, याचा गंगावन करशील?"
मंगळवारी आकडे आले. तिचे सगळ्यांत कमी.
चाळीस वर्षं चिखलात, आणि सगळ्यांत कमी.
"बग, माज्यान काय नाय," ती म्हणाली,
पोरीनं परीक्षा पास केल्यासारखी खूश.

एका केसाच्या गुंत्यावरून काही ठरत नाही, सर म्हणाले,
आणि मग, यंत्रावरची नजर न काढता,
भलत्याच कशाबद्दल तरी सांगावं तसं:
पोटुशी बाईच्या हाडांतलं शिसं जागं होतं,
नाळेतून उतरतं, पुढे दुधातून.
पहिल्या बाळाला जास्त.

मी पहिली.

रात्री नखं कापली. कचऱ्यात टाकता येईनात.
पिशवीत भरली, झिप ओढली,
सवयीनं पेन काढलं.
स्थळ: दिवाळे.
जीव:

पडवीत आई दिव्याखाली कालवं निवडत होती.
पांढरी एका टोपात, हिरवी दुसऱ्या,
आणि मधली, जी ठरत नव्हती,
ती एकेक उचलून
उजेडाकडे धरत होती.